पालकाची सही



गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका मैत्रिणीचं पत्र आलं. साधं पोस्टकार्ड. नाव छापू नका असं तिनंच बजावलंय, म्हणून मी तिचं नावही सांगत नाही नि गावही. पत्र चारच ओळींचं, पण शेवटची ओळ मोठी खट्याळ. ती लिहिते, "बाई, तुम्ही सगळ्यांच्या मुलांना शिकवता. मग तुमच्या घरात कधी कुणी नापास होतं का हो?"

वाचून आधी मी खुदकन हसले. मग थोडा वेळ गप्प बसले. आणि मग ते कार्ड आमच्या थोरलीच्या हातात दिलं, कारण उत्तर तिच्याजवळ होतं. ती म्हणाली, "लिही ना आई. खरं काय ते लिही. फक्त माझं नाव घालू नको, आणि मी रडले ते लिहू नको."

तेव्हा या लेखात ती रडली नाही, हे आधीच सांगून टाकते!

ही गोष्ट २०२४-२५ या शाळेच्या वर्षाची. आमच्या घरात माणसं पाच. मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. मुलांचे बाबा एसटीत कंडक्टर. थोरली तेव्हा पाचवीत होती, धाकटा दुसरीत. दोघंही आम्ही राहतो त्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत जातात. आणि पाचवी आजी, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या वर्षी आजीही शिकत होती बरं का! कुठल्या इयत्तेत, ते पुढे सांगते.

आमच्याकडे एक रीत आहे. १ मे ला शाळेचा निकाल लागला की संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, सतरंजी अंथरायची, कुरडया तळायच्या, आणि सगळ्यांनी गोल करून बसायचं. मग प्रत्येकानं सरलेल्या वर्षातला एक चढ सांगायचा आणि एक उतार. बाबांनी याचं नाव ठेवलंय 'घाट'. मांजरसुंब्याचा घाट चढता-उतरता त्यांना ते सुचलं. नियम दोनच. एक बोलत असताना दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. आणि घाटात सांगितलेल्या गोष्टीवरून नंतर कुणी कुणाला बोलायचं नाही.

१ मे २०२५ ला मात्र घाट होईल असं मला वाटत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मी माझ्या शाळेत. झेंडावंदन झालं, मुलांना निकालपत्रकं वाटली, कुणाला पेढा भरवला, कुणाच्या पाठीवर थाप मारली. इकडे थोरलीचा निकाल आणायला बाबा गेले. मी दुपारी घरी आले तेव्हा घर कसं गप्प. धाकटासुद्धा गप्प, यावरून काय ते समजा. टेबलावर निकालपत्रक होतं. मराठी ठीक, इंग्रजी ठीक, परिसर अभ्यास छान. आणि गणित? पन्नासपैकी सात.

सात! तोंडी परीक्षेचे पाच आणि लेखी चाळीस गुणांपैकी दोन.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, "त्यात काय बाई, आठवीपर्यंत कुणाला नापास करतच नाहीत." थांबा. तसं होतं खरं. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानं आठवीपर्यंत कुणालाही मागच्या वर्गात ठेवत नव्हते. पण २०१९ मध्ये तो कायदा बदलला, आणि २०२३ मध्ये आपल्या राज्यानं ठरवलं की पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घ्यायची. पाचवीला विषय पन्नास गुणांचा, त्यात निदान अठरा हवेत. नाही मिळाले तर पुन्हा शिकवायचं आणि फेरपरीक्षा घ्यायची. त्यातही जमलं नाही तर मूल पुन्हा पाचवीतच. म्हणजे आमच्या थोरलीपुढं आता जूनमधली फेरपरीक्षा होती, आणि तिच्या सगळ्या मैत्रिणी सहावीत निघाल्या होत्या.

खरं सांगू? तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायला लाज वाटते. "हिला काय वाटत असेल" हे नाही आलं. आलं ते असं, की आता शाळेत सगळे म्हणणार, बाईंचीच मुलगी गणितात नापास! मग मी जे बोलू नये ते बोलले. माझ्या वर्गातली ऊसतोड करणाऱ्यांची लेकरं सहा-सहा महिने शाळेत नसतात, तरी त्यांना बेरीज-वजाबाकी येते, आणि तुला टेबल, खुर्ची, शिकलेली आई असून पन्नासात सात! ती काही बोलली नाही. (आणि रडलीही नाही. ठरलंय ना आपलं!)

संध्याकाळी मी म्हटलं, यंदा घाट-बिट काही नाही. तर आजी उठली, बादली घेतली आणि एकटीच जिना चढायला लागली. गुडघे दुखतात तिचे. तरी वर जाऊन पाणी मारलं आणि वरूनच हाक दिली, "या गं वर! उतार आला म्हणून कुणी गाडी मधीच सोडून देतं का?"

गेलो मग सगळे वर.

सुरुवात नेहमी धाकट्यापासून. त्याचा चढ असा की त्यानं आजीला शंभरपर्यंत आकडे शिकवले. ही गंमत तुम्हाला नीट सांगायलाच हवी. आजी लहानपणी शाळेत गेलेली नाही. पाच भावंडांत थोरली, त्यामुळे धाकटी पोरं सांभाळायची कामगिरी तिच्याकडे. पण सरकारचा एक साक्षरतेचा कार्यक्रम आहे, 'उल्लास' नावाचा. पंधरा वर्षांपुढच्या ज्या कुणाला लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी. त्यात आजीनं ऑगस्टमध्ये नाव घातलं. दुपारी शेजारच्या चार-पाच जणींबरोबर शिकायची आणि संध्याकाळी घरी धाकट्याबरोबर गृहपाठ.

आजीला तोंडी हिशेब सगळा येतो. बाजारात तिला कुणी फसवू शकत नाही. पण आकडा लिहायचा म्हटलं की घोळ. 'सदुसष्ट' म्हणताना आपण सात आधी म्हणतो आणि साठ मागून. म्हणून ती आधी सात लिहायची, मग सहा. झाले शहात्तर! आता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ पासून संख्या वाचायची आणखी एक रीत आली आहे. सदुसष्ट म्हणजे 'साठ सात'. एकवीस म्हणजे 'वीस एक'. ती आली तेव्हा मोठ्या माणसांनी केवढी चेष्टा केली होती! मीही हसले होते, कशाला खोटं बोलू. पण धाकट्यानं आजीला सांगितलं, "आजी, मनात साठ सात म्हण आणि तसंच लिही." आणि आजीचा आकडा सरळ झाला. सदुसष्ट म्हणायचं आणि साठ सात लिहायचं, असं आजीनं स्वतःचं पक्कं करून टाकलं.

धाकट्याचा उतार होता त्याचा जिवलग मित्र. दिवाळीनंतर शाळा उघडली तर बाकावर शेजारची जागा रिकामी. तो आईबाबांबरोबर कारखान्यावर गेलेला. धाकटा म्हणाला, "मी रोज जागा धरून ठेवली. तरी मार्चपर्यंत आला नाही."

आमच्या बीड जिल्ह्यातल्या मुलांना हे सांगायला नको, पण मुंबई-पुण्याकडच्या दोस्तांसाठी सांगते. दिवाळी झाली की इथली हजारो कुटुंबं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, म्हणजे मुकादमाच्या वहीत दोन माणसांची मिळून एक जोडी. मुलं कुठं ठेवायची? कुणाची आजी-आजोबा असतात, काही शाळांत हंगामी वसतिगृह असतं. बाकीची लेकरं बरोबरच जातात आणि पाचटाच्या कोपीत राहतात. तो हंगाम १५ नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाला. ऊस कमी असल्यानं लवकर आटोपला आणि मार्चमध्ये बरीच मंडळी परतली.

मग बाबा. त्यांचा उतार होता सुट्टे पैसे. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. जवळच्या तिकिटाचे दहाचे झाले अकरा. आता प्रत्येक जण वीसची नोट देणार, कंडक्टरनं नऊ रुपये परत द्यायचे. एवढी नाणी आणायची कुठून? रोज भांडणं. घसा बसून घरी यायचे बिचारे. आणि चढ? ते म्हणाले, "एका म्हातारीला नऊ रुपये द्यायचे राहिले होते. आठ दिवसांनी तीच गाडीत चढली. मी आठवणीनं दिले. तर पिशवीतून दोन पेरू काढून माझ्या हातात ठेवले तिनं." एवढाच त्यांचा चढ. ते पेरू आम्हीच खाल्ले होते, पण त्यामागची गोष्ट त्या दिवशी कळली.

मग माझी पाळी. माझा चढ मला चटकन सापडला. माझ्या वर्गात सत्तावीस मुलं. दिवाळीनंतर उरली पंधरा. मार्चमध्ये त्यांतला एक जण परत आला, तो पाढे विसरलेला. मला वाटलं, झालं, पुन्हा पहिल्यापासून. तर तो म्हणतो, "बाई, मला वजनाची पावती वाचता येते. आमच्या बापाला मीच वाचून दाखवायचो." तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये ठरला, टनाला ३६६ रुपये. मी विचारलं, "दोन टनांचे किती?" त्यानं फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सातशे बत्तीस." म्हटलं, "चार टनांचे?" ओठ हलले जरासे. "चौदाशे चौसष्ट." तिसरीतलं पोर! त्या दिवसापासून आमच्या वर्गात गुणाकार पावतीवरूनच सुरू झाला.

आणि उतार सांगायला तोंड उघडलं, तर डोळ्यांसमोर ते सात गुण. पण घाटाचा नियम असा की उतार आपला स्वतःचा सांगायचा, दुसऱ्याचा नाही. मी म्हणाले, "माझा उतार म्हणजे आजची दुपार. मी नको ते बोलले." आणि गप्प बसले. तेवढंच खरं आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

पुढची पाळी थोरलीची. पण आजीनं हात वर केला. "तिच्या आधी मी."

आजीचा चढ आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. २३ मार्च २०२५ ची परीक्षा. रविवार होता. दीडशे गुणांचा पेपर, वाचन पन्नास, लेखन पन्नास, संख्याज्ञान पन्नास. सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंत केव्हाही सवडीनं यायचं आणि तीन तासांत सोडवायचा. आजी धुतलेलं इरकली नेसून दहाच्या ठोक्याला शाळेच्या दारात हजर! बाकावर बसली, तर गुडघे आत जाईनात. धाकट्यानं घराच्या दारातून "बेस्ट ऑफ लक" म्हटलं होतं, त्याला ती म्हणाली होती, "ते काय असतं ते आल्यावर सांग." गुणपत्रक अजून हाती आलं नव्हतं, पण ती तोऱ्यात होती.

"आता उतार," आजी म्हणाली. आणि पदराखालून तिनं एक वस्तू काढून सतरंजीवर ठेवली. थोरलीचं पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक.

मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

आजी सांगायला लागली. ऑक्टोबरमध्ये तिला सही यायला लागली होती. आयुष्यभर अंगठा देणाऱ्या माणसाला सही आली म्हणजे काय होतं, ते मी पाहिलंय. आजी जिथं तिथं सही करायची. वर्तमानपत्राच्या कडेला, पिठाच्या डब्यावर खडूनं, भिंतीवरसुद्धा. अशात दिवाळीच्या सुट्टीआधी थोरली प्रगतिपुस्तक घेऊन तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "आजी, इथं पालकाची सही लागते. तूच कर."

"मला काय आनंद झाला म्हणून सांगू!" आजी म्हणाली. "वाटलं, घरात दोन शिकलेली माणसं असताना नात सहीला माझ्याकडं आली. चष्मा पुसला, हात धुतले आणि केली सही. आत काय लिहिलंय ते मला तवा कुठं वाचता येत होतं?"

आम्ही सगळे त्या पुस्तकाकडे पाहत होतो. खाली 'पालकाची सही' या शब्दांपुढं आजीची मोठी, वाकडीतिकडी, दोन ओळी अडवून बसलेली सही. आणि वर गणितापुढं लाल शाईत अकरा.

"फेब्रुवारीत मला वाचायचं वेड लागलं," आजी पुढं म्हणाली. "जे दिसंल ते वाचायचं. एकदा पोरीच्या पेटीत कागद लावताना हे सापडलं. म्हटलं, आपली सही बघू. सही बघितली. मग वर बोट लावून वाचत गेले. ग-णि-त. आणि पुढं दहा एक. अकरा! तवा कळलं, मी सही कशावर केली ती. मास्तरीणबाई, त्याच दिवशी तुम्हाला सांगायला पायजे होतं. पण वाटलं, पोरीला मार बसंल. म्हणून गप बसले. लिहाय-वाचाय शिकले आन् पहिलं काम केलं ते लपवाछपवीचं. हा माझा उतार."

गच्चीवर कुणी बोलेना. खालच्या रस्त्यावरून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला, तरी धाकटा उठला नाही.

थोरलीनं मग खाली मान घालून सगळं सांगितलं. जुलैमध्ये तिला टायफॉईड झाला होता. जवळजवळ महिनाभर शाळा बुडाली. ती परत गेली तेव्हा वर्गात अपूर्णांक अर्धे होऊन गेले होते. फळ्यावर छेद, अंश, सममूल्य अपूर्णांक असलं काहीतरी. तिला वाटलं, घरी आईला विचारू. एकदा विचारलंही. मी तेव्हा माझ्या वर्गाच्या नोंदी भरत बसले होते. मी म्हणाले, "पाचवीतली तू, एवढं येत नाही?" बस, मग तिनं पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या सत्रात दशांश अपूर्णांक आले. पहिलेच कळले नव्हते, तर हे कुठून कळणार? वार्षिक परीक्षेत तिनं पेपर उघडला, पहिल्याच प्रश्नात अपूर्णांक दिसला आणि मग पुढचं जे येत होतं तेही सुचेना.

आणि पहिल्या सत्राच्या पालकसभेचं काय? अहो, मी बाई असून माझ्याच मुलीच्या पालकसभेला गेले नव्हते! २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेची निवडणूक होती आणि त्या सुमारास आम्हा शिक्षकांची प्रशिक्षणं चालू होती. बाबांची ड्यूटी. ते एक कारण झालं. पण दिवाळीनंतर मी एकदा तरी विचारायला हवं होतं की नाही, "पोरी, तुझं प्रगतिपुस्तक कुठंय?" दुसऱ्यांच्या आयांना मी दर सभेला हेच तर सुनावते.

म्हणून मी म्हटलं, "मी माझा उतार बदलते." धाकटा लगेच, "आई, असं चालत नाही, एकदाच सांगायचा!" पहिल्यांदाच सगळे हसलो.

थोरलीचा चढ राहिलाच होता. ती बराच वेळ आठवत बसली. मग म्हणाली, "आजच. आता लपवायला काही नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी तिला शिकवायला बसले. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आमचं असं वाजलं की बाबांनी मधे पडून शाळाच बंद केली. तुमच्यापैकी ज्यांची आई शिक्षिका आहे त्यांना हे चांगलं ठाऊक असेल. वर्गातल्या मुलानं पाचदा विचारलं तर आम्ही पाचदा सांगतो. घरच्यानं दुसऱ्यांदा विचारलं की आवाज चढतो. असं का होतं, मला अजून कळलेलं नाही.

मग शिकवलं कुणी? आजीनं! म्हणजे सुरुवात तरी तिनंच केली. झालं असं, की थोरली वहीत एक उदाहरण सोडवत होती, एकचतुर्थांश मोठा की एकअष्टमांश? तिनं लिहिलं, एकअष्टमांश मोठा. कारण काय, तर चारापेक्षा आठ मोठे. आजी शेजारी भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "काय म्हणतीस ते मला सांग की." थोरलीनं सांगितलं. आजीनं तव्यावरची भाकरी उतरवली आणि मोडली. "ही अर्धी. अर्धीची अर्धी म्हणजे चतकोर. अशा किती?" "चार." "आता चतकोराचे दोन केले. असे तुकडे किती होतील?" "आठ." "तुला भूक लागलीय. चौघांतला वाटा घेशील का आठ जणांतला?"

थोरली तुकड्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे खालचा आकडा मोठा झाला की तुकडा लहान होतो?"

"खालचा-वरचा मला माहीत नाही," आजी म्हणाली. "आठ जणांत चतकोरसुद्धा पदरात पडत नाही, एवढं खरं."

मग आजीचं सगळं भांडार उघडलं. पावशेर, अच्छेर, छटाक ही तिच्या लहानपणची मापं. चार पावशेरांचा एक शेर, अच्छेर म्हणजे अर्धा शेर, सोळा छटाकांचा एक शेर. "अच्छेर गूळ आन् पावशेर गूळ मिळून किती?" थोरली पटकन, "पाऊण शेर." मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होते. मला राहवेना. मी म्हटलं, "अगं, हेच तर ते! अर्धा अधिक पाव. छेद वेगळे, म्हणून बेरीज होत नाही म्हणून अडत होतीस ना? अच्छेराचे दोन पावशेर केलेस मनातल्या मनात, तोच सममूल्य अपूर्णांक." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इतके दिवस मुद्दामच अवघड भाषेत बोलत होते.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. आपल्या भाषेत अपूर्णांकाला किती साधी नावं आहेत पाहा. मी तिसरीला शिकवते, पण हे शब्द आणि पुस्तकातले अंश-छेद मी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

बाबांनी आपली बाजू तिकिटांनी लढवली. संध्याकाळी घरी आले की विचारायचे, "पंचवीस माणसं, त्यांत पाच हाफ तिकिटं. हाफ किती भाग?" थोरली, "एकपंचमांश." "आणि तू स्वतः?" बारा वर्षांखालची म्हणून थोरली हाफ तिकीटच. १७ मार्च २०२३ पासून बायकांनाही एसटीत अर्धं भाडं, म्हणून ती म्हणाली, "मी आधी लहान म्हणून अर्धी, मग बाई म्हणून अर्धी. पूर्ण केव्हा होणार?" बाबांजवळ त्याचं उत्तर नव्हतं.

सगळं असं हसतखेळत झालं असं मात्र समजू नका. दशांश अपूर्णांकांनी फार रडवलं. (चुकले! रडवलं नाही, दमवलं.) भागाकारात शून्य द्यायचं ती हमखास विसरायची. शाळेतून उन्हाळी सुट्टीत तिला जादा शिकवायला बोलावत, तिथं वर्गातली आणखी दोनच मुलं असायची. वाटेत मैत्रिणी भेटल्या की ही लांबून फिरून जायची. एकदा मी विचारलं, "बरोबर येऊ का?" तर म्हणाली, "नको, तू आलीस की सगळ्यांना कळतं." हे मला लागलं, पण खरंच होतं ते.

शाळा १६ जूनला उघडायची होती. त्याआधी फेरपरीक्षा झाली. निकालाच्या दिवशी मी रजा काढली आणि गेले. या वेळी तीच म्हणाली होती, ये म्हणून. तिच्या सरांनी कागद तिच्या हातात दिला. तिनं तो उघडून पाहिला नाही, घडी तशीच माझ्याकडेही दिली नाही. मुठीत धरून घरापर्यंत चालत आली. मी काही विचारलं नाही. कसं विचारलं नाही, ते माझं मला माहीत!

घरी आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. थोरलीनं तो कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि वर पेन ठेवलं. "आजी, पालकाची सही."

आजीनं पेन उचललं आणि बाजूला ठेवून दिलं. चष्मा लावला. कागद सरळ केला. बोट लावून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. शाळेचं नाव, मग थोरलीचं नाव, मग इयत्ता. धाकटा उड्या मारायला लागला, "आजी, खाली वाच ना, खाली!"

"गप रे," आजी म्हणाली. "मागल्या वेळी न वाचता केली होती."

बोट खाली सरकलं. ग-णि-त. मग आकड्यावर येऊन थांबलं. आजीचे ओठ हलले, वीस... सहा. तिनं मान वर केली, थोरलीकडे पाहिलं, पुन्हा एकदा आकड्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "सव्वीस. आता दे ते पेन."

तुमची,
बाई